आडात नसेल तर पोहऱ्यात कुठून येणार?

मित्रांनो, ओरलचा सीझन आला की आपल्या सगळ्यांची काही उत्तरं ठरलेली असतात. ऑपरेटिंग सिस्टिमच्या ओरलला एक्सटर्नल सर विचारतात, "कंटेनर म्हणजे काय?" आपण एका दमात सांगून मोकळे होतो, "सर, हलकं, स्वतंत्र, आयसोलेटेड वातावरण. प्रोग्रॅम आणि त्याला लागणारं सगळं एका डब्यात भरायचं. डबा कुठेही न्या, तसाच चालतो." सर मान हलवतात, पुढचा प्रश्न विचारतात. मीही हेच उत्तर दिलं होतं आणि मार्कही मिळाले होते.

आज मला म्हणायचंय ते एवढंच की हे उत्तर अर्धंच खरं आहे. उरलेलं अर्धं मला कॉलेजात नाही, भोसरीत कळलं. आणि ते कळेपर्यंत आम्ही एका माणसाला दोन आठवडे विनाकारण दोष देत होतो. म्हणून हा लेखनप्रपंच.

तर झालं असं. आमच्या बीईच्या प्रोजेक्टसाठी भोसरी एमआयडीसीतला एक छोटा व्हेंडर तयार झाला. चाकणच्या मोठ्या कंपन्यांना पार्ट पुरवणारे असे शेकडो गाळे तिथे आहेत. वरती पत्रा, आत चार-सहा मशीन्स आणि कोपऱ्यात एक काचेची केबिन. काम सोपं होतं. मशीनवरून आलेला पीस ऑपरेटरने फिक्श्चरमध्ये ठेवायचा, बटण दाबायचं, वरच्या कॅमेऱ्याने फोटो घ्यायचा आणि आमच्या प्रोग्रॅमने सांगायचं की पीस बरोबर की रिजेक्ट. बरोबर असेल तर हिरवा दिवा, नाहीतर लाल. कॅमेरा पाच मेगापिक्सेलचा. २४४८ गुणिले २०४८, म्हणजे एका फोटोचे झाले सुमारे ५० लाख बाइट. ते नेटवर्कच्या केबलवरून यूडीपीच्या पाकिटांमधून कॉम्प्युटरकडे येतात.

आम्ही शहाणी मुलं! सगळा प्रोग्रॅम डॉकरच्या डब्यात भरला. माझ्या लॅपटॉपवर महिनाभर टेस्टिंग केलं, एकही फोटो चुकला नाही. मग तोच डबा गाळ्यातल्या कॉम्प्युटरवर टाकला, कॅमेऱ्याचं कार्ड त्याला जोडलं आणि चहा प्यायला गेलो.

तिसऱ्या दिवशी सुपरवायझरचा फोन आला. चांगले पीस लाल दिव्यात जातायत. आम्ही जाऊन पाहिलं तर काही फोटो खालच्या बाजूला अर्धे काळे आलेले. पीस हाताने मोजून पाहिले, तर ते अगदी व्यवस्थित. आता आमचा प्रोग्रॅम तर लॅपटॉपवर महिनाभर चाललेला, डबा तोच, एक ओळही बदललेली नाही. मग चूक कुणाची? अर्थातच माणसाची! आम्ही सुपरवायझरना सांगितलं की ऑपरेटर पीस नीट बसायच्या आधीच बटण दाबतो. सुपरवायझरनी त्या दादांना झापलं. दादा कॉन्ट्रॅक्टवरचे, वयाने आमच्या दुप्पट. ते एवढंच म्हणाले, "अहो, मी सकाळी दाबतो तसंच दुपारी दाबतो. शिफ्ट संपायच्या टायमालाच हे जास्त होतं, बघा तुम्ही." आम्ही मान डोलावली आणि ते वाक्य विसरून गेलो. शिफ्टच्या शेवटी माणूस दमतो, हात घाई करतो, असं आमचं शास्त्र!

दोन आठवडे हेच चाललं. शेवटी एका गुरुवारी, म्हणजे एमआयडीसीच्या सुट्टीच्या दिवशी, शेठकडून किल्ली घेऊन आम्ही दोघं तिथे बसलो. एक चांगला पीस फिक्श्चरमध्ये घट्ट बसवला आणि त्याला हात न लावता नुसतं बटण दाबत राहिलो. सगळं हिरवं. मग मित्राला आठवलं की शिफ्टच्या शेवटी हाच कॉम्प्युटर दिवसभराचा रिपोर्ट तयार करतो आणि सगळे फोटो दुसऱ्या डिस्कवर टाकतो. ते काम मुद्दाम चालू केलं. लाल, हिरवा, लाल, लाल! त्या दिवशी दादा घरी होते, तरी चूक हजर होती.

आता कारण शोधायचं. केबल बदलली, स्विच बदलला. कॉम्प्युटरवर यूडीपीचे आकडे पाहिले, तर बफर भरल्यामुळे फेकून दिलेली पाकिटं शून्य! म्हणजे नेटवर्क स्वच्छ? रात्री आठ वाजता सहज म्हणून डब्याच्या आत शिरून तेच आकडे पाहिले, तर तिथे मोजणी हजारांत गेलेली. लिनक्समध्ये प्रत्येक नेटवर्क नेमस्पेसचे यूडीपीचे आकडे वेगळे मोजले जातात. आम्ही बाहेरच्या वहीत पाहत होतो आणि नोंद आतल्या वहीत होत होती.

मग प्रोग्रॅमलाच विचारलं की बाबा, तुला कर्नलने बफर दिला किती? आम्ही ८ मेगाबाइट मागितले होते. मिळाले होते ४,२५,९८४ बाइट. अर्धा मेगाबाइटही नाही! आणि सगळ्यात वाईट म्हणजे कर्नलने 'नाही' म्हटलंच नव्हतं. कॉल यशस्वी, एरर नाही, काही नाही. आपण ताटभर मागितलं, वाढप्याने वाटीभर वाढलं आणि हसून पुढे गेला, तसं.

हा आकडा येतो कुठून? लिनक्समध्ये 'आरमेम-मॅक्स' नावाचं एक सेटिंग आहे. कुठल्याही प्रोग्रॅमला एका सॉकेटसाठी जास्तीत जास्त किती रिसीव्ह बफर मागता येईल, त्याची ही मर्यादा. बहुतेक ठिकाणी ती २,१२,९९२ बाइट असते. कर्नल स्वतःच्या हिशोबाची जागा धरून आकडा दुप्पट करतो, म्हणून ४,२५,९८४. आता गणित करा. गिगाबिट केबलवरून सेकंदाला जास्तीत जास्त १२५ मेगाबाइट येतात. त्या वेगाने हा बफर साडेतीन मिलिसेकंदांच्या आत भरतो. एका फोटोला मात्र सुमारे ४० मिलिसेकंद लागतात. मधे कुठेही आमचा प्रोग्रॅम चार-पाच मिलिसेकंद अडकला, समजा डिस्कवर रिपोर्ट लिहिणाऱ्याने त्याची पाळी लांबवली, की पुढची पाकिटं जमिनीवर. यूडीपी आहे, हरवलेलं पाकीट तो स्वतःहून परत मागत नाही. दादा पहिल्या दिवसापासून बरोबर सांगत होते.

मग लॅपटॉपवर महिनाभर का चाललं? कारण सहा महिने आधी एका दुसऱ्या असाइनमेंटसाठी मीच माझ्या लॅपटॉपवर ती मर्यादा वाढवून ठेवली होती आणि विसरून गेलो होतो. डब्यात प्रोग्रॅम गेला, लायब्ररी गेल्या, फॉन्टसुद्धा गेले. ते सेटिंग मात्र लॅपटॉपच्या कर्नलमध्येच राहिलं. डबा गावाला गेला, विहीर घरीच राहिली. आडात नसेल तर पोहऱ्यात कुठून येणार?

इथे थोडं समजून घेऊ, कारण मुद्दा याच्यावरच उभा आहे. आपल्या पिंपरी-चिंचवडच्या सोसायट्यांचं उदाहरण घ्या. २०१९च्या नोव्हेंबरात शहरात दिवसाआड पाणी सुरू झालं, तेव्हा प्रत्येक घराने काय केलं? ज्याने त्याने आपल्या स्वयंपाकघरात, बाथरूमच्या माळ्यावर टाक्या आणि पिंपं वाढवली. फ्लॅटचं दार आपलं, कुलूप आपलं, नळही आपला. पण खाली सोसायटीची साठवण टाकी एकच आणि पवना धरणाकडून येणारी महापालिकेची लाइनही एकच. तुमच्या फ्लॅटमध्ये कितीही मोठी टाकी ठेवा, खालच्या टाकीत पाणी नसेल तर ती कोरडीच. आणि तुम्ही एकट्याने मोटार लावून सगळं ओढलं, तर चौथ्या मजल्यावरच्या काकू भांडायला येणार!

कंटेनरचं अगदी असंच आहे. प्रत्येक डब्याला वेगळी फाइल सिस्टिम दिसते, वेगळे प्रोसेस दिसतात, वेगळा आयपी पत्ता असतो. पण खाली कर्नल एकच आणि रॅम एकच. नेटवर्कची पाकिटं थांबतात ती कर्नलच्या मेमरीत. आता या मेमरीची सेटिंग्ज तीन जागी राहतात. 'टीसीपी-आरमेम' आणि 'टीसीपी-डब्ल्यूमेम' ही फ्लॅटमधली टाकी. कमीत कमी, सुरुवातीला आणि जास्तीत जास्त असे तीन आकडे. लिनक्स ४.१५ पासून, म्हणजे जानेवारी २०१८ पासून, प्रत्येक नेमस्पेसला ते स्वतःचे ठेवता येतात. 'आरमेम-मॅक्स' आणि 'डब्ल्यूमेम-मॅक्स' हा सोसायटीचा नियम. तो डब्याच्या आतून बदलता येत नाही, बाहेर यजमान मशीनवरच बदलावा लागतो. आणि 'टीसीपी-मेम' ही खालची टाकी. सगळ्या डब्यांचं टीसीपी मिळून किती पानं मेमरी वापरेल, ते कर्नल मशीन चालू होताना रॅम बघून ठरवतो. हे तीन थर ज्याला माहीत नाहीत, तो आत बसून नळ फिरवत राहतो आणि म्हणतो, "पाणी का येत नाही?"

हे फक्त कॅमेऱ्यापुरतं आहे असं समजू नका. चाकणमध्ये फोक्सवॅगन, मर्सिडीज-बेंझ यांचे प्लांट २००९ साली सुरू झाले. अशा पट्ट्यात ड्रॉइंग, टेस्टचा डेटा परदेशी पाठवणं हे कुठल्याही सप्लायरचं रोजचं काम असू शकतं. समजा, इथून युरोपात जाऊन परत यायला पाकिटाला १५० मिलिसेकंद लागतात आणि लाइन १०० मेगाबिटची आहे. पाइप पूर्ण भरलेला ठेवायचा तर पोच न मिळालेला किती डेटा वाटेत असला पाहिजे? वेग गुणिले वेळ, म्हणजे १.८७५ मेगाबाइट. मूळ टीसीपीत खिडकीचा आकडा १६ बिटांचा, म्हणून जास्तीत जास्त ६५,५३५ बाइट. तेवढ्यावर या अंतरात साडेतीन मेगाबिटच वेग मिळतो, लाइन १०० ची असो की १००० ची! म्हणूनच १९९२ साली आरएफसी १३२३ मध्ये ही खिडकी मोठी करण्याची सोय आली.

आजचा लिनक्स हुशार आहे, तो टीसीपीचा बफर गरजेप्रमाणे आपोआप वाढवतो. रिसीव्ह बाजूला ही मर्यादा बऱ्याच आवृत्त्यांत साधारण ६ मेगाबाइटपर्यंत असते. पण इथे एक गंमत आहे. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने शहाणपणा करून "मला एवढाच बफर दे" असं स्वतः सांगितलं, की कर्नल त्या सॉकेटसाठी आपोआप वाढवणं बंद करतो, आणि मागणी 'आरमेम-मॅक्स'ला आपटून कापली जाते. मग त्याच १०० मेगाबिटच्या लाइनवर हाती लागतात सुमारे ११ मेगाबिट. म्हणजे गप्प बसणाऱ्याला भरपूर आणि तोंड उघडून मागणाऱ्याला कमी! आणि दोष कुणाला? इंटरनेट देणाऱ्याला.

थोडा इतिहास पाहिला तर लक्षात येतं की हा घोळ आपल्याच पिढीचा नाही. १९७९ साली युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत 'चरूट' आलं, त्यात फक्त फाइल्स वेगळ्या झाल्या. २००० साली फ्रीबीएसडी ४.० मध्ये 'जेल' आलं, त्यात प्रोसेस वेगळे झाले आणि आयपी पत्ता बांधून दिला. पण जेलला स्वतःचं पूर्ण वेगळं नेटवर्क देणारी सोय त्यांच्या नेहमीच्या कर्नलमध्ये यायला २०१८ साल, १२.० आवृत्ती उजाडली. २००५ मध्ये सोलारिस १० बरोबर 'झोन' आले. त्यात सुरुवातीला नेटवर्क सगळ्या झोनना मिळून एकच. बफरचे आकडे बदलायचे तर मुख्य झोनमधून. २००७ च्या अपडेटमध्ये झोनला स्वतंत्र आयपी स्टॅक देता यायला लागला, तेव्हा कुठे आतल्या माणसाला स्वतःचे आकडे ठेवता आले. त्यातही 'एनडीडी' कमांडने केलेला बदल मशीन रिबूट केलं की गायब! ओपनव्हीझेडवाल्यांनी मात्र एक छान गोष्ट केली होती. प्रत्येक डब्याच्या टीसीपी बफरला वेगळा कोटा आणि प्रत्येक कोट्यासमोर 'किती वेळा नकार दिला' याचा आकडा. तोही डब्याच्या आतून दिसायचा. आपल्याला कमी वाढलं गेलंय हे निदान कळायचं तरी.

यातून मला एकच गोष्ट दिसते. प्रत्येकाने भिंती आधी बांधल्या आणि नळाचा विचार नंतर केला. फाइल आणि प्रोसेस डोळ्यांना दिसतात, म्हणून ते आधी वेगळे झाले. मेमरीत थांबलेली पाकिटं दिसत नाहीत, म्हणून ती शेवटी. आणि आपण शिकतो तेही याच क्रमाने. भिंतींचा चॅप्टर पूर्ण होतो, नळाच्या चॅप्टरपर्यंत सेमिस्टर संपतं!

आता काही जण म्हणतील, एवढं काय त्यात? एक मोठा आकडा टाकायचा सगळीकडे आणि मोकळं व्हायचं. खरं सांगतो, त्या गुरुवारी रात्री आमचाही पहिला विचार हाच होता. नेटवर कुठेतरी तयार पंधरा ओळी मिळतात, त्या चिकटवायच्या. पण थांबा. ही मेमरी कर्नलची आहे, ती डिस्कवर स्वॅप होत नाही. एकाच मशीनवर दहा डबे असतील आणि प्रत्येकाच्या शंभर जोडण्यांना तुम्ही मोठमोठ्या टाक्या दिल्यात, तर खालच्या टाकीची पातळी गाठली जाते आणि कर्नल सगळ्यांचाच हात आखडता घेतो. ज्या बिचाऱ्या डब्याने काही मागितलंच नव्हतं, तोही सुक्याबरोबर ओलं जळावं तसा भरडला जातो. शिवाय सीग्रुपच्या दुसऱ्या आवृत्तीत, २०१६ च्या लिनक्स ४.५ पासून, सॉकेटची मेमरी त्या डब्याच्या मेमरी मर्यादेतच मोजली जाते. म्हणजे ५१२ मेगाबाइटच्या डब्यात तुम्ही बफर फुगवलेत, तर ती जागा तुमच्याच प्रोग्रॅमच्या ताटातून जाते. फुकट काही नाही.

दुसरा शॉर्टकट याहून वाईट. डब्याला सगळे अधिकार देऊन टाकायचे, म्हणजे आत बसून हवं ते करता येईल. मित्रांनो, मग डबा केलाच कशाला? शेजाऱ्याला पाणी हवं म्हणून आपण त्याला गच्चीची, पंपाची आणि स्वतःच्या घराचीही किल्ली देतो का? त्या गाळ्यातल्या कॉम्प्युटरवर पगाराचा हिशोबही होता.

तिसरा आक्षेप जरा विचार करण्यासारखा आहे. आमच्या एका सीनियरने मला तोंडावर विचारलं, "हे सिस्टिम ॲडमिनचं काम. क्लाउडवर तर ते कंपनीवालेच बघतात. प्रोग्रॅमरने कशाला डोकं खपवायचं?" मोठ्या आयटी कंपनीत कदाचित त्याचं बरोबर असेल. हिंजवडीत तुमचा डबा ज्या मशीनवर चालतो ते बघायला वेगळा माणूस असतो. पण भोसरीच्या गाळ्यात सिस्टिम ॲडमिन कोण? सीसीटीव्ही लावायला आलेला मुलगा, नाहीतर शेठचा भाचा. तिथे डबा टाकणारा तूच आणि यजमान मशीनही तुझंच. आपल्या कॉलेजपासून अर्ध्या तासावर हा सगळा पट्टा आहे. पिंपरी, आकुर्डी, भोसरी, पुढे चाकण, तळेगाव. आपल्यातले कितीतरी जण तिथेच कामाला लागणार आहेत. मशीनला कॅमेरा, सेन्सर, कॉम्प्युटर जोडायचं काम आता लहान व्हेंडरकडेही येतंय, कारण मोठी कंपनी प्रत्येक पीसची नोंद मागते. अशा ठिकाणी 'ते माझं काम नाही' म्हणणारा इंजिनीअर दुसऱ्या कुणालातरी ती शिक्षा भोगायला लावतो. आमच्या बाबतीत ती त्या दादांनी भोगली.

मग करायचं काय? मी काही मोठा तज्ज्ञ नाही, पण चार गोष्टी सुचवतो.

पहिली गोष्ट, मागितल्यावर मिळालं का ते विचारा. बफर मागणारी ओळ लिहिलीत तर लगेच खाली 'किती मिळाला' ते वाचणारी ओळ लिहा. कमी मिळाला असेल तर प्रोग्रॅमने चालूच होऊ नये. सरळ सांगावं की यजमान मशीनवर अमुक सेटिंग अमुक आकड्यापर्यंत वाढवा. आम्ही हे आता केलंय. सहा ओळी लागल्या. आधी लिहिल्या असत्या तर दोन आठवडे वाचले असते.

दुसरी गोष्ट, सेटिंग कागदावर आणा. जे आकडे डब्याचे आहेत ते डब्याच्या फाइलमध्येच लिहा, म्हणजे डबा जाईल तिथे ते जातील. जे यजमानाचे आहेत ते यजमानाच्या कॉन्फिगरेशन फाइलमध्ये टाका, म्हणजे रिबूटनंतर टिकतील. आणि प्रत्येक आकड्यासमोर एक ओळ: का? किती वेग, किती उशीर, किती जोडण्या. ज्या आकड्याचं कारण लिहिता येत नाही तो आकडा टाकू नका. प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये आपण ऐंशी पानं भरतो, त्यातली तीस आभार आणि आकृत्यांची असतात. 'यजमान मशीनकडून आम्हाला काय लागतं' असं एक पान सक्तीचं करायला काय हरकत आहे?

तिसरी गोष्ट आपल्या सरांना आणि मॅडमना विनंती. लॅबमध्ये यावर एक प्रॅक्टिकल घ्या. काही विकत आणायची गरज नाही. लिनक्सच्या एकाच कॉम्प्युटरवर दोन नेमस्पेस करायच्या, मधे आभासी केबल टाकायची, तिच्यावर मुद्दाम १५० मिलिसेकंदांचा उशीर घालायचा आणि वेग मोजायचा. मग एका नेमस्पेसचा बफर ६४ किलोबाइटवर आणायचा, परत मोजायचा. मग तेच 'आरमेम-मॅक्स' आतून बदलायचा प्रयत्न करायचा आणि तो का बदलत नाही ते जर्नलमध्ये लिहायचं. दोन तासांच्या एका बॅचमध्ये होतं. हे ज्याने एकदा हाताने केलं तो ओरलला 'आयसोलेटेड' हा शब्द आयुष्यात परत सैल वापरणार नाही.

चौथी गोष्ट तांत्रिक नाही. आमच्या प्रोग्रॅममध्ये दोनच दिवे होते, हिरवा आणि लाल. पीस खराब असला तरी लाल आणि फोटो अपुरा आला तरी लाल. म्हणजे चूक मशीनची असो की आमची, उत्तर एकच: माल वाईट, नाहीतर माणूस वाईट. आम्ही आता तिसरा पिवळा दिवा लावलाय. तो लागला की समजायचं, पीसला आणि ऑपरेटरला काही बोलू नका, फोटोच नीट आलेला नाही. मला वाटतं आपण जे काही बनवू त्यात हा पिवळा दिवा असलाच पाहिजे. 'मला माहीत नाही' हे सांगता येणारं सॉफ्टवेअर आपल्याकडे फार कमी. माणसंही कमीच म्हणा!

गुरुवारनंतर शुक्रवारी पहिल्या शिफ्टला आम्ही गेलो. सुपरवायझरसमोर दादांना सांगितलं की चूक आमची होती, तुमची नव्हती. शिफ्ट संपायच्या वेळी होतं हे तुम्ही बरोबर सांगितलं होतं, आम्हीच ऐकलं नाही. ते म्हणाले, "असू द्या, शिकताय तुम्ही." आणि कामाला लागले. त्यांनी एवढ्यावर सोडून दिलं म्हणून आम्ही सुटलो असं मात्र मला वाटत नाही. झापाझापी झाली ती झालीच. डब्यात काय आहे हे आम्हाला पाठ होतं. डबा कशावर ठेवलाय हे पाहायचं सुचलं नाही, आणि त्या अज्ञानाचा भार उचलला तो त्या जागेवरच्या सगळ्यात कमी पगाराच्या माणसाने.

म्हणून पुढच्या ओरलला कुणी विचारलं, "कंटेनर म्हणजे काय?" तर जरा थांबा आणि असं सांगून बघा: "सर, डबा वेगळा असतो, पण कर्नल आणि मेमरी सगळ्यांची मिळून एकच असते. नेटवर्कचे काही आकडे आत ठरतात, काही बाहेर ठरतात, आणि कुठला कुठे ठरतो हे मला माहीत असायला हवं." कदाचित एक्सटर्नल सर पुढचा प्रश्न विचारतील आणि तुम्ही अडकाल. अडका की! ओरलला अडकलं तर दोन मार्क जातात. भोसरीत अडकलं तर दुसऱ्याच्या नावावर जातं.